कचऱ्याच्या आत काय चालतं

मशीनचं नाव कचरा होतं.

बाकीच्यांना नद्यांची नावं होती. नेत्रावती, तुंगा, भद्रा, शिंशा, अर्कावती. कब्बिनहळ्ळी दूध संघाच्या थंड खोलीत चार लोखंडी पेट्या होत्या आणि त्या पेट्यांच्या पोटात तिसेक मशीनं नांदत होती. त्यांना अंग नव्हतं, वजन नव्हतं, फक्त नाव आणि काम होतं. एक दुधाचं फॅट मांडून ठेवी, एक पगार काढी, एक गेटवरचे कॅमेरे बघत बसे. नद्या संपल्या की सगळ्यात खाली कचरा. त्याचं काम काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

प्रत्येक मशीनच्या नावापुढे, त्याच्या आत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चालते ते लिहिलेलं असतं. कचऱ्यापुढे लिहिलं होतं: विंडोज ९८.

(इथपर्यंत: विंडोज ९८.)

टी. एन. सरांना ते बघवेना. टी. एन. हे संघाचे डेप्युटी मॅनेजर. थंड खोली त्यांच्या अखत्यारीत होती, म्हणजे ती थंड का नाही हे विचारायचा अधिकार त्यांचा. नव्या चार पेट्या येऊन पडल्या होत्या. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी सकाळचं संकलन आटोपलं की जुन्या पेट्यांतली सगळी मशीनं नव्यांत हलवायची, दुपारी अध्यक्ष येऊन नव्या पेट्यांना कुंकू लावणार, फोटो निघणार. मागच्या मोठ्या पडद्यावर नद्यांची नावं झळकणार, आणि त्यांच्या पायाशी कचरा, विंडोज ९८.

पूजेआधी घर झाडतात तसं हे झाडून काढा, असं त्यांनी सुकन्याला सांगितलं.

सुकन्या खोली सांभाळायची. तिचं कंत्राट दरवर्षी टी. एन. सरांच्या सहीने पुढे सरकायचं. यंदाची सही दिवाळीनंतर होणार होती. तरी ती म्हणाली की आत काय आहे ते कळल्याशिवाय काढू नये. सर म्हणाले, लिहिलंय की समोर. ती म्हणाली, ते मशीनने सांगितलेलं नाही. मशीन पहिल्यांदा बनवताना पेटी विचारते, आत काय घालणार आहात? बनवणारा काहीतरी निवडतो. पुढे तो आत काय घालतो ते पेटी कधी उघडून बघत नाही. डब्यावर साखर लिहिलं म्हणून आत साखर असते असं नाही. तिच्या आईच्या घरी तर नसायचीच.

"तुमच्या आईच्या घरी विंडोज ९८ होतं का?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग उदाहरण कशाला देता अम्मा."

*

मशीनला स्वतःचा पडदा असतो. पेटीवरच्या खिडकीतून तो बघता येतो. सुकन्याने कचऱ्याचा पडदा उघडला. काळ्यावर पांढरी एकच ओळ होती:

चालू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

तिने एंटर दाबलं. तीच ओळ पुन्हा उमटली. परत दाबलं, परत तीच. म्हणजे डब्यात साखर नव्हती, रवाही नव्हता. डबा रिकामा होता आणि रिकामा असल्याचं सांगत होता.

(इथपर्यंत: काहीच नाही.)

टी. एन. सर खूश झाले. मेलेलं मशीन काढायला काय विचारायचं? नवमीला हलवाहलवीच्या आधी, त्यांच्या देखत काढायचं, असं ठरलं. त्यांना ते स्वतः बघायचं होतं. अध्यक्षांना सांगायला बरं.

*

आता हाक.

एखादं मशीन जिवंत आहे का हे बघायचं तर दुसऱ्या मशीनवरून त्याच्या पत्त्यावर हाक मारतात. ते जिवंत असेल तर ओ देतं. त्या ओसोबत एक आकडा येतो. विंडोज असेल तर तो आकडा घरून निघताना एकशेअठ्ठावीस असतो, लिनक्स असेल तर चौसष्ट, आणि वाटेत प्रत्येक नाक्यावर त्यातला एक कमी होतो. उगाच कुणी बदललेला नसला तर आकड्यावरून घराणं कळतं.

सुकन्याने हाक मारली ती उगाच, पाट टाकायच्या आधी फरशी पुसतात तशी. कचऱ्याने ओ दिली.

त्रेसष्ट.

तिच्या टेबलापासून खोलीपर्यंत एकच नाका होता.

ती जरा वेळ आकड्याकडे बघत बसली. पडदा सांगत होता की मी मेलो. नावापुढची पाटी सांगत होती की मी विंडोज. आणि हाकेला तिसऱ्याच कुणीतरी आतून ओ दिली होती.

टी. एन. सरांचं म्हणणं पडलं की तो पत्ता उपाध्यांनी दुसऱ्या कुठल्या यंत्राला दिला असेल. सीताराम उपाध्य म्हणजे ज्यांनी ही सगळी मशीनं बनवली ते. आता निवृत्त. ते असे घोळ घालायचेच, सर म्हणाले, त्यांच्या काळात कॉफीमशीनलासुद्धा नदीचं नाव होतं.

(इथपर्यंत: मेलेलं लिनक्स. असं काही नसतं.)

*

मग दोन उंचवटे.

कचऱ्याकडे काय येतं आणि त्याच्याकडून काय जातं याची रेघ पेटी काढत असते. ती रेघ दिवसभर आडवी पडलेली असायची. फक्त सकाळी दूध काढून झालं की एक उंचवटा, आणि संध्याकाळी दूध काढून झालं की दुसरा. सकाळचा उंचवटा उतरत असतानाच सुकन्याने गेटवर फोन केला. गेटवरच्या माणसाने सांगितलं, आत्ता प्रिंटरवर चिठ्ठी येतेय, नंतर बोला.

ती चिठ्ठी संघात सगळ्यांना माहीत होती. गावोगावच्या सोसायट्या दूध जमलं की फोनवरून आकडा पाठवतात: किती लिटर, किती ऊन, कूलर चालू की बंद. त्यावरून चिठ्ठी निघते. कुठल्या टँकरने आधी कुठे जायचं, मग कुठे. कूलर नसलेलं लांबचं गाव आधी, कूलर असलेलं जवळचं गाव मागून. टँकरवाले चिठ्ठीला देव मानत नसत, पण तिच्याशिवाय इंजिनही सुरू करत नसत. चिठ्ठीच्या माथ्यावर छापलेलं असे: नेत्रावती. सगळे समजत होते की चिठ्ठी नेत्रावती काढते. सुकन्याने नेत्रावतीची रेघ बघितली. त्या वेळी नेत्रावती काहीच करत नव्हती.

सुकन्याचं गाव तोगरीकेरे. लांबचं, कूलर नसलेलं. तिची आई तिथल्या सोसायटीत दोन गाईंचं दूध घालायची, अजूनही घालते. सुकन्या शाळेत असताना एकदा टँकर आलाच नाही. दुपारी आला. तोवर सगळ्या गावाचं दूध नासलं होतं. सोसायटीच्या माणसांनी कॅन एकेक करून कालव्यात ओतले. पाणी पांढरं होऊन वाहत गेलं. बायका काठावर उभ्या राहून बघत होत्या, जशा विसर्जनाला बघतात. तेव्हा कुणी म्हणालं की डेअरीतलं मशीन गेलं. तिला वाटलं होतं मशीन म्हणजे काहीतरी मोठं, धुराड्याचं.

तर आता एवढं झालं होतं: कचरा काढला तर संध्याकाळी चिठ्ठी निघणार नाही. ती हे पैजेवर सांगू शकत होती, पण दाखवू शकत नव्हती. दाखवायचं तर आत बघायला हवं. आत शिरायचा पासवर्ड नव्हता. डिस्कची नक्कल उघडून बघता आली असती, पण मशीन चालू असताना डिस्कला कुलूप असतं. मशीन बंद करायचं तर ते कसं बंद करायचं हे आत काय आहे यावर ठरतं. काही सिस्टिम पेटीचा इशारा कळला की आपणहून आवरतात. काहींना इशारा कळतच नाही, त्यांचं बटण ओढावं लागतं, म्हणजे वीज तोडावी तसं झटक्यात बंद करावं लागतं, आणि इतकी वर्षं न निजलेलं मशीन असं ओढून निजवलं तर ते उठेलच असं नाही.

बघायला बंद करायचं, आणि बंद करायला बघायचं.

टी. एन. सरांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की चिठ्ठीवर नेत्रावती छापलेलं आहे, छापलेल्यावर विश्वास ठेवायला शिका.

*

रविवारी ती उपाध्यांकडे गेली. तिपटूरच्या अलीकडे उतरून आत चालत जावं लागतं. माडांच्या सावलीत घर, पुढे सोललेल्या नारळांच्या शेंड्यांचा ढीग. उपाध्य पडवीत बसून वर्तमानपत्राला चष्म्यातून आणि चष्म्यावरून आळीपाळीने बघत होते. तिला ओळखलं. कॉफी आली. सुकन्याने सांगितलं की कचऱ्याबद्दल विचारायला आलेय.

"कोण कचरा?"

"तुम्ही बनवलेलं मशीन, सर. यादीत शेवटचं."

"ते होय." त्यांनी कॉफीचा पेला वाटीत उलटा केला, परत सरळ केला. "मेलं ते."

"कधी?"

"जन्मलं तेव्हाच."

तिने हाकेचं सांगितलं. ते म्हणाले, भुतं पण ओ देतात. तिने उंचवट्यांचं सांगितलं. ते म्हणाले, आकडी येत असेल. चिठ्ठी कोण काढतं असं विचारलं तर म्हणाले, नेत्रावती, अजून कोण, गुणाची पोर आहे ती. आत कोणती सिस्टिम घातली होती? लिहिलंय तीच. विंडोज अठ्ठ्याण्णव. निवडायला दिलेल्यांत त्याहून वाईट काही नव्हतं. पासवर्ड? विसरलो.

मग त्यांनी विचारलं की खोलीतला एसी नीट चालतो का. कचरा कुठल्या पेटीत आहे.

"दुसऱ्या."

"तळाच्या पेटीत हलवू नका हं. तिथे धूळ ओढली जाते." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे हलवा. मेलेल्याला काय धूळ."

सुकन्याला वाईट वाटलं. हुशार माणूस, आणि बघता बघता असं झालं. विषय बदलावा म्हणून तिने विचारलं की याच्या आधी चिठ्ठीसाठी वेगळं मशीन होतं का. इथे मात्र म्हातारा खुलला. आधी कावेरी होती. अशी देखणी की येईल त्याला तो खोलीत नेऊन दाखवायचा. मंत्र्यांना दाखवली, मंगळूरच्या पाहुण्यांना दाखवली. वर्षाच्या आत गेली. मग कपिला. कपिला तर कावेरीहून सरस. तिच्यावर पेपरात लेख आला, खोलीत उभा राहून त्याने फोटो काढून घेतला होता. लेख छापून आला आणि त्याच आठवड्यात...

"मग?"

"मग काही नाही. मग मी तसलं काही बनवलंच नाही." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "काढून टाक ते, पोरी. जागा अडवून बसलंय."

निघताना ते फाटकापर्यंत आले. फाटक लावताना म्हणाले, फार गरम होऊ देऊ नका. कशाला ते म्हणाले नाहीत.

बसमध्ये खिडकीशी बसून सुकन्याने हिशेब मांडला. बनवणारा म्हणतो मेलं. पडदा म्हणतो मेलं. साहेब म्हणतात मेलं. ती एकटी म्हणते जिवंत आहे, आणि तिचं कंत्राट दिवाळीला संपतं.

(इथपर्यंत: बहुमताने, काहीच नाही.)

*

नवमी.

सकाळपासून टँकर धुतले जात होते. बॉनेटवर शेवंतीच्या माळा, आरशांना केळीची पानं, चाकांखाली लिंबं. सकाळची चिठ्ठी निघून गेली होती, सकाळचं दूध येऊन पडलं होतं, आणि संध्याकाळच्या चिठ्ठीपर्यंत टँकर माणसांसारखे नटून उभे होते. पूजा सांगणारे जोइस थंड खोलीच्या दारातून आत डोकावले आणि किती यंत्रांना कुंकू लावायचं ते विचारू लागले, कारण कुंकू तेवढंच कालवायचं होतं. सुकन्या म्हणाली पेट्या चार, पण आत तिसेक आहेत. जोइस विचारात पडले.

"म्हणजे पोटुशी म्हणायची का?"

"तसंच काहीसं."

"मग चारच. पोटातल्यांना वेगळं कुंकू नसतं." ते समाधानाने निघून गेले.

टी. एन. सर पांढऱ्या पंच्यात आले होते. खांद्यावर जरीकाठी अंगवस्त्र, कपाळावर विभूतीचे पट्टे. ते सुकन्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. घड्याळ बघितलं. करा, म्हणाले.

सुकन्याने कचऱ्यावर जाऊन काढून टाकायचं बटण दाबलं. पेटीने विचारलं: नक्की? हे परत आणता येणार नाही. नक्की असल्यास मशीनचं नाव टाइप करा.

सुकन्याने हात मांडीवर ठेवले.

"काय झालं?"

"तुम्ही टाइप करा, सर."

"का?"

"संध्याकाळी दूध नासलं तर ते मी केलेलं नको. माझी आई तिथे दूध घालते."

टी. एन. सरांनी तिच्याकडे बघितलं. सहीचा माणूस ज्या नजरेने बघतो त्या नजरेने. मग कीबोर्ड पुढे ओढला आणि दोन बोटांनी टाइप करायला घेतलं. पहिलं अक्षर शोधायलाच त्यांना वेळ लागला. शोधता शोधता त्यांनी विचारलं की म्हणे तुम्ही उपाध्यांकडे जाऊन आलात.

"हो सर."

"काय म्हणाला म्हातारा?"

"मेलंय म्हणाले. काढून टाका म्हणाले."

"बघा." दुसरं अक्षर सापडलं.

"पण तळाच्या पेटीत हलवू नका, धूळ जाते, असंही म्हणाले."

"मेलेल्याला?"

"आणि फार गरम होऊ देऊ नका. याच्याआधी दोन होती म्हणाले. कावेरी आणि कपिला. फार देखणी होती, सगळ्यांना दाखवायचे. दोन्ही वर्षाच्या आत गेली. पेपरात आलं आणि गेली. त्यानंतर तसलं बनवलंच नाही म्हणाले."

टी. एन. सरांचं बोट तिसऱ्या अक्षराच्या वर थांबलं.

"हे तिसरं," ते म्हणाले.

"हो सर."

"दोन गेल्यावर झालेलं."

"हो."

पेट्यांचे पंखे घुमत होते. बाहेर कुणीतरी टँकरचा हॉर्न वाजवून बघत होतं. टी. एन. सर पडद्यावरच्या अर्धवट नावाकडे बघत बसले. सुकन्याला वाटलं त्यांना पुढचं अक्षर सापडत नाहीये. तिने बोट दाखवलं. त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"टी म्हणजे काय," त्यांनी विचारलं, "ऑफिसात काय म्हणतात?"

काही जण थिम्मप्पा म्हणतात, तिने सांगितलं, काही त्यागराज. हिशेब विभागात टेन्शन म्हणत, ते तिने सांगितलं नाही.

"तिप्पण्णा." ते पडद्याकडेच बघत बोलत होते. "तिप्पे म्हणजे काय, माहितीये ना? उकिरडा. माझ्या आधी दोन भाऊ झाले. दोघेही गोरे, गुटगुटीत. गावातल्या सगळ्यांनी उचलून घेतले. दोघेही दात यायच्या आत गेले. मी झालो तेव्हा आईने मला उकिरड्यावर लोळवलं. शेजारणीला मूठभर कोंड्याला विकलं, संध्याकाळी परत विकत घेतलं. नाव ठेवलं तिप्पा. आजही कुणी माझी चौकशी केली तर म्हणते, त्याचं काही खरं नाही. मी डेप्युटी मॅनेजर आहे."

 सुकन्या तोगरीकेरेची होती. तिच्या वर्गात एक गुंडा होता, म्हणजे धोंडा, आणि बाळांच्या गालावर काजळ न लावता त्यांना बाहेर नेताना तिने कुणाला बघितलं नव्हतं. रविवारी दोन तास म्हाताऱ्यासमोर बसून तिला हे दिसलं नाही आणि पंचा नेसलेल्या साहेबाला बसल्या जागी दिसलं. 

टी. एन. सरांनी खोडायची कळ दाबली. एक अक्षर गेलं. परत दाबली. दुसरं गेलं.

"पाटीवर जे लिहिलंय ते ते नसणार," ते म्हणाले. "पडद्यावर आहे ते नसणार. चिठ्ठीवरचं नाव दुसऱ्याचं लावलंय, म्हणजे चिठ्ठी याचीच. म्हाताऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत काजळ फासलंय. फक्त हाकेला..."

"त्रेसष्ट," सुकन्या म्हणाली.

"त्याला तेवढं सुचलं नसेल. आईला पण नाही सुचत. हाक मारली की पोर ओ देतं."

(इथपर्यंत: बहुतेक लिनक्स.)

बहुतेकवर मशीन हलवता येत नाही, हलवायला आधी ते बंद करावं लागतं. लिनक्स असेल तर इशारा कळेल, आपणहून आवरेल. कळलाच नाही तर बटण ओढावं लागेल, आणि ओढून उठलं नाही तर संध्याकाळी कालव्यावर बायका उभ्या राहतील. सुकन्याने हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. न हलवावं तर जुनी पेटी आज ना उद्या बसणारच होती. मध्ये एवढाच वेळ होता, दोन दुधांमधला.

"द्या इशारा," टी. एन. सर म्हणाले. "मी सांगितलं म्हणून द्या."

तिने दिला.

काळ्या पडद्यावर तीच ओळ. डिस्क सापडली नाही. काही झालं नाही. आणखी काही झालं नाही. टी. एन. सरांनी अंगवस्त्र खांद्यावरून काढून मांडीवर घेतलं. सुकन्याने बटण ओढायच्या कळीवर बोट आणलं, आणि

पडदा बोलायला लागला. एका ओळीमागून दुसरी ओळ वर सरकू लागली. चिठ्ठीचं काम थांबवतोय, ठीक. प्रिंटरचं काम थांबवतोय, ठीक. फोनवरून येणारे निरोप थांबवतोय, ठीक. इतकी वर्षं मेल्याचं सोंग घेतलेलं मशीन घरातल्या करत्या बाईसारखं एकेक दिवा मालवत गेलं. शेवटी पडदा काळा झाला.

डिस्कचं कुलूप निघालं. सुकन्याने नक्कल करून घेतली आणि उघडली. आत एक एवढीशी फाइल होती, तिचं नावच सिस्टिमचं, आणि तिच्यात फक्त आवृत्तीचा आकडा. शेजारी दुसरी फाइल, पडद्यावर दारात दाखवायचा मजकूर ठेवायची. तिथे लोक 'सुस्वागतम' लिहितात. उपाध्यांनी लिहिलं होतं: चालू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

(इथपर्यंत: डेबियन लिनक्स, आवृत्ती पाच. आता हे बदलणार नाही.)

*

नव्या पेटीने विचारलं, आत काय घालणार आहात? निवडायला दिलेल्यांत विंडोज ९८ नव्हतंच. इतकं जुनं आता कुणी ठेवत नाही.

सुकन्याने सरांकडे बघितलं. टी. एन. सरांना हा प्रश्न तिच्यापेक्षा जड गेला. खोटं लिहिलं तर नवी पेटी डिस्क चुकीच्या पद्धतीने जोडणार आणि पडद्यावरचं वाक्य खरं होऊन बसणार. खरं लिहिलं तर उघडंच पडलं. शेवटी ते म्हणाले की डॉक्टरला खरं सांगावंच लागतं. डेबियन लिहा.

"आणि नाव?"

"नाव आहे ते राहू द्या."

बाकीच्या नद्या तासाभरात हलल्या. कचरा शेवटी, वरून दुसऱ्या पेटीत. टी. एन. सरांनी स्वतः वाकून तळाच्या पेटीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि पंच्याला पुसलं.

दुपारी अध्यक्ष आले. जोइसांनी चार कुंकवं लावली. दारात कोहळा आपटला. चुरमुरे आणि ओब्बट्टू, म्हणजे तिकडच्या पुरणपोळ्या, वाटले. फोटोच्या वेळी अध्यक्षांची नजर मोठ्या पडद्यावर गेली, नद्यांवरून खाली उतरली आणि तळाशी थांबली.

"हे काय आहे?"

सगळे टी. एन. सरांकडे बघू लागले.

"काही नाही साहेब," टी. एन. सर म्हणाले. "मेलेलं मशीन आहे. जागा अडवून बसलंय."

"मग काढत का नाही?"

"काढतो साहेब."

"पूजेच्या दिवशी कचरा मांडून ठेवलाय," अध्यक्ष बाजूच्या माणसाला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाजूच्या माणसाने मान हलवली आणि टी. एन. सरांकडे असं बघितलं की जणू तेही यादीच्या तळाशी आहेत. टी. एन. सर हात जोडून उभे राहिले. फोटोत ते अर्धे आले.

*

संध्याकाळी गावोगाव दूध काढून झालं.

सुकन्या रेघेसमोर बसली होती. रेघ आडवी होती. हा वेळ नेहमीचा, मग थोडा जास्त, मग नेहमीपेक्षा बराच जास्त. तिला खुर्चीत बसवेना, ती उभी राहिली. टी. एन. सर तिच्या मागे येऊन थांबले, काही न विचारता. गेटवर नटलेले टँकर इंजिन बंद करून उभे होते. कुठूनतरी पहिला निरोप आला आणि रेघेने डोकं वर केलं. मग दुसरा. मग सगळीकडून. रेघ उभी चढली, जराशी थरथरली आणि तिच्या पलीकडच्या उतारावर गेटवरचा प्रिंटर वाजल्याचं फोनवर ऐकू आलं. गेटवरच्या माणसाने चिठ्ठी वाचून दाखवली. पहिला टँकर, पहिलं गाव: तोगरीकेरे.

टी. एन. सर म्हणाले की काही खरं नाही याचं, आणि घरी गेले.

टँकर निघाले, केळीची पानं हलवत. सुकन्या खोली बंद करणार तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे उपाध्य होते. आधी त्यांनी पूजा कशी झाली विचारलं, मग जोइस कोण आले होते विचारलं, मग ओब्बट्टूत तूप होतं का विचारलं. मग जरा खाकरले.

"काढलं का ते?"

सुकन्याने काचेपलीकडे बघितलं. वरून दुसऱ्या पेटीवर ताजं कुंकू आणि खाली हिरवा दिवा लुकलुकत होता.

"गेलं, सर," ती म्हणाली. "मेलं ते."

"अगदी?"

"अगदीच. नव्या पेटीत टाकलं तर तिथेही मेलं. वासच यायला लागला होता."



"बरं झालं," उपाध्य म्हणाले, आणि फोन ठेवायचं विसरून आत कुणालातरी कॉफी टाकायला सांगू लागले.